ग्राहक समाधानी आहे

हेमांगी दातीरचा सत्कार झाला तेव्हा शाल होती, श्रीफळ होतं, आणि मागच्या पडद्यावर भलंमोठं शून्य होतं.

शून्य, म्हणजे महिन्याहून जुनी एकही उघडी तक्रार नाही, असं दाखवून सत्कार होतो याची गंमत वाटेल. पण मोबाइल कंपनीच्या तक्रार विभागात ज्याने एक आठवडा काढला आहे त्याला ती वाटणार नाही. तिथे लोक खुशाली विचारायला फोन करत नाहीत. आणि २०३६ साली तर निम्म्याहून जास्त तक्रारी एकाच कारणासाठी यायच्या: अपडेट. फोन बनवणाऱ्याने नवी आवृत्ती काढली, तिची जाहिरात झाली, दुसऱ्या कंपनीचं कार्ड वापरणाऱ्या शेजाऱ्याच्या फोनवर ती येऊन जुनीसुद्धा झाली, आणि आमच्या फोनवर मात्र अजून 'लवकरच येत आहे'. लोकांचा पारा चढायचा. त्यांना वाटायचं, अपडेट फोनवाल्याकडून थेट येतं. तसं नव्हतं. मधे मोबाइल कंपनी बसलेली असायची, जकात नाक्यावरच्या कारकुनासारखी. नवी आवृत्ती आपल्या नेटवर्कवर नीट चालते का हे ती तपासणार, मग शिक्का मारणार, मग पुढे सोडणार. तपासणीला लांबलचक रांग होती आणि रांगेत कुणाला पुढे घ्यायचं हे ठरवायची रीत अगदी साधी होती. ज्या अपडेटबद्दल उघड्या तक्रारी जास्त, ते आधी.

हेमांगीने या तक्रारींना शिस्त लावली होती. तिच्या आधी, तक्रार मिटल्याचं उत्तर ग्राहकाकडून लेखी घेतलं जायचं, आणि ती उत्तरं विभागातले लोक स्वतःच भरून टाकतात असं उघडकीला आलं होतं. हेमांगीने लेखी प्रकार बंद करून टाकला. आता यंत्र ग्राहकाला फोन करी आणि विचारी, तुमची तक्रार अजून कायम असेल तर 'आहे' म्हणा. आवाज त्याच ग्राहकाचा, आणि जिवंत माणसाचा आहे, हे यंत्र ताडून पाही. लबाडीला जागाच ठेवली नव्हती. पण ग्राहक काहीच बोलला नाही तर काय करायचं? यावर तिने सहा महिने अभ्यास केला, दहा हजार ग्राहक तपासले. ज्याचं काम झालंय तो उत्तर द्यायची तसदी घेत नाही, आणि ज्याचं झालेलं नाही तो पहिल्या घंटेला फोन उचलून तोंडाचा पट्टा सोडतो, असं शंभरात सत्त्याण्णव वेळा दिसलं. म्हणून नियम झाला. तीन वेळा फोन करायचा, तिन्ही वेळा उत्तर मिळालं नाही तर 'ग्राहक समाधानी आहे' अशी नोंद करायची आणि तक्रार बंद करायची.

नियम हुशारीचा होता आणि त्यात वाईट हेतू नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणीही म्हणेल की बाई निर्ढावलेली असणार. तशी ती नव्हती. उरलेली तीन माणसं कोण, हे तिने पाहिलं नव्हतं, एवढंच.

सत्काराची शाल घेऊन ती दसऱ्यानंतरच्या रविवारी साताऱ्याला गेली, आत्याला दाखवायला.

आत्या म्हणजे मालिनी दातीर, वय चौऱ्याहत्तर, लग्न न केलेली. हेमांगी पाचवीत असताना तिची आई गेली, तेव्हापासून तिला वाढवलं ते या मालूआत्याने. आत्या पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, ट्रंक कॉल लावून द्यायचे दिवस होते तेव्हाची. तिच्या आवाजाची साताऱ्यात एवढी ओळख होती की भाजी घेताना पाठमोऱ्या बाईला लोक विचारायचे, "मुंबईचा कॉल जोडून देणाऱ्या बाई ना तुम्ही?" पाच वर्षांपूर्वी तिला घशाचा कर्करोग झाला. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला, पण आवाज गेला.

आणि मग तो गळपट्टीने परत आला.

गळपट्टीचं शास्त्र ऐकायला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. स्वरयंत्र फक्त नाद करतं. त्या नादातून शब्द घडवतात ते जीभ, ओठ, जबडा आणि गळ्याचे स्नायू. स्वरयंत्र काढलं तरी हे स्नायू आपलं काम विसरत नाहीत. माणूस 'पाणी' म्हणायला गेला की मेंदू आज्ञा सोडतो आणि स्नायूंत विजेची बारीकशी लहर उठते. कातडीला चिकटवलेली पट्टी ती लहर टिपते, फोन ती वाचून शब्द ओळखतो, आणि त्या माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून तयार केलेल्या त्याच्याच आवाजात बोलतो. फोनची ही शिकवणी शस्त्रक्रियेच्या आधी होते. खरा आवाज शाबूत असताना लहर आणि आवाज शेजारी शेजारी ठेवून फोन पंधरा दिवस ऐकत राहतो. ती शिकवणी पुन्हा घेता येत नाही, कारण पुन्हा आवाजच नसतो.

दुखणं पुढे सुरू होतं. व्रण आक्रसतो, स्नायू बारीक होतात, लहरींचं वळण बदलतं, उतारवयात माणसाचं अक्षर बदलावं तसं. जुनं अक्षर शिकलेल्या फोनला नवं लागेनासं होतं. यावर उपाय म्हणून त्या वर्षी जून महिन्यात फोनवाल्यांनी नवी आवृत्ती काढली होती. ती रोजच्या रोज माणसाबरोबर बदलत राहणारी होती. फक्त एक अट होती. जुन्या आवृत्तीला निम्मे तरी शब्द ओळखू येत असायला हवेत. त्या निम्म्यांच्या आधाराने नवी आवृत्ती बाकीचे लावी. ओळख निम्म्याच्या खाली गेली की दुवा तुटला, कायमचा. मग उरायचं ते टाईप करणं. आणि टाईप केलेला मजकूर माणसाच्या आवाजात वाचून घ्यायला कायद्याने बंदी होती, कारण तशा खोट्या आवाजांनी लोकांना एके काळी भरपूर गंडवलं होतं. टाईप केलेलं यंत्राच्या सपाट आवाजातच वाचलं जाई. त्याच कायद्यामुळे आवाज घडवणारं कुठलंही अपडेट मोबाइल कंपनीच्या शिक्क्याशिवाय फोनपर्यंत पोचत नसे. आणि पट्टी व फोन सरकारी योजनेतून एकत्रच आलेले, त्यात दुसऱ्या कंपनीचं कार्ड चालत नसे.

हेमांगीला हे सगळं मोघम माहीत होतं. गेले तीन महिने आत्या फोन करत नव्हती, मेसेज पाठवत होती. 'ठीक आहे', 'जेवले', 'तू काळजी घे'. आत्या टाईप करायला शिकली, बरं झालं, असं हेमांगीला वाटलं होतं. खरं म्हणजे बैठकीच्या मधे तिचा फोन येत नाही, याचंच बरं वाटलं होतं.

आत्याने दार उघडलं. तिचे ओठ हलले आणि गळ्यात अडकवलेला फोन त्या स्वच्छ, गोड आवाजात म्हणाला, "ये हेमा. चाळण टाकू का?"

हेमांगी हसली. "आत्या, अगं काय!"

आत्या हसली नाही. तिने पुन्हा ओठ हलवले. "चाकू... चाळीस... टाकू का?"

तिसऱ्यांदा 'चादर' आली. आत्याने मान खाली घातली, गळ्याची पट्टी सोलून काढली, डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि स्वयंपाकघरातून वही घेऊन आली. वहीची बरीच पानं भरलेली होती. 'दूध अर्धा लिटर.' 'मोटर बंद करा.' 'नाही, मला ऐकू येतं, बोलता येत नाही.' हेमांगी ती पानं वाचत राहिली. शाल पिशवीतच राहिली.

"तक्रार का नाही केलीस, आत्या?"

आत्याने लिहिलं, 'सात केल्या.'

"शक्य नाही. माझ्याच विभागात येतात त्या. गळपट्टीची एकही उघडी नाहीये."

आत्याने फोन उघडून पुढे केला. एकाखाली एक सात मेसेज होते, एकाच मजकुराचे. 'आपण समाधानी आहात हे कळवल्याबद्दल आभारी आहोत.' तो मजकूर हेमांगीनेच बसवलेला होता. 'आभारी आहोत' ठेवावं की 'धन्यवाद', यावर बैठकीत वीस मिनिटं वाद झाला होता.

"मग मला का नाही सांगितलंस? मी आहे ना तिथे!"

आत्या बराच वेळ लिहीत होती. 'एक्स्चेंजमध्ये असताना तुझ्या आजोबांचा कॉलसुद्धा मी नंबर आल्याशिवाय जोडला नाही. आता तुझ्याकडून ओळखीने काम करून घेऊ? आमच्या गळपट्टीवाल्यांच्या गुरुवारच्या मंडळात अकराजण आहेत, सगळ्यांचं हेच चाललंय. यशवंतराव गुरवांची तक्रार तर माझ्याही आधीची.' मग तिने पेन थांबवलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. 'आणि मला वाटलं, तुला माहीत असेल.'

हेमांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने वही मिटून ठेवली, आणि चहा तिनेच केला.

सोमवारी सकाळी तिने ऑफिसात आपल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि यादी काढली. कंपनीकडे गळपट्टी वापरणारे ग्राहक अकरा हजार दोनशे चाळीस. त्यांतल्या नऊ हजारांवर लोकांनी अपडेटसाठी तक्रार केलेली, अनेकांनी अनेकदा. उघडी एकही नाही. सगळ्यांपुढे तेच तीन शब्द. आणि उघडी तक्रार नाही म्हणून ते अपडेट तपासणीच्या रांगेत सर्वांत शेवटी, फोटोत मिशा लावून देणाऱ्या एका अपडेटच्याही मागे.

तिने हेडफोन लावून आत्याला केलेल्या फोनांची ध्वनिमुद्रणं ऐकली. आधी यंत्राचा प्रश्न. मग गळ्याच्या छिद्रातून येणाऱ्या श्वासाची शीळ. मग आत्याचा तो गोड आवाज, "आहेर... आळी... आहार," आणि यंत्राचं उत्तर, "हा जिवंत आवाज नाही. कृपया स्वतः बोलावे." दुसऱ्या फोनला आत्याने शेजारणीला बोलावलेलं होतं. "अहो, त्यांना बोलता येत नाही हो, तक्रार आहे त्यांची, लिहून घ्या की!" यंत्र म्हणालं, "हा आवाज ग्राहकाचा नाही." तिसऱ्या फोनला शब्द नव्हतेच. स्टीलची वाटी होती आणि चमचा होता. टण, टण, टण. आत्या वाटी वाजवत होती. यंत्राने नियमाप्रमाणे आठ सेकंद वाट पाहिली. "उत्तर मिळाले नाही. आपण समाधानी आहात अशी नोंद करत आहोत."

त्यानंतर मुद्रण आणखी चार सेकंद चालू होतं आणि त्यात वाटी वाजतच होती.

हेमांगीने आणखी वीस-पंचवीस ऐकली. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी टेबलावर मूठ आपटत होतं. एकाने बहुतेक रेडिओ फोनपाशी नेऊन मोठा केला होता. तिचे कान तापले. काचेपलीकडून कुणी आपल्याकडे बघत नाही ना, हे तिने आधी पाहिलं, आणि आपण आधी ते पाहिलं याचीच तिला आणखी लाज वाटली.

यादीत प्रत्येकापुढे शब्दओळखीचा आकडा होता. फोन तो रोज आपणहून पाठवायचा. मालिनी दातीर, छप्पन्न टक्के. यशवंत गुरव, त्रेपन्न. साधारण पाच दिवसाला एक टक्का घसरत होता.

यशवंत गुरव एसटी स्टँडवर बत्तीस वर्षं गाड्यांची घोषणा करत असत. त्यांची मुलगी ऋतुजा दारूगोळा कारखान्यात कामाला, राहायलाही आतल्याच वसाहतीत. तिथे कॅमेऱ्याचा फोन आत न्यायला बंदी, म्हणून ती रोज दुपारी दीड वाजता गेटवरच्या साध्या फोनवरून वडिलांशी बोलायची. हे सगळं तक्रारीत लिहिलेलं होतं. 'मुलीला माझा आवाज एवढाच मिळतो, तरी लवकर करावे ही विनंती.' त्यापुढेही समाधानी.

हेमांगी कर्णिक साहेबांकडे गेली. ते तिचे वरिष्ठ, स्वभावाने मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"हेमांगी, नियम चुकला असं तुम्ही लिहून दिलंत तर एका दिवसात नऊ हजार तक्रारी उघडतील. आपण नियामकाला शून्य कळवून बसलोय. दिवाळी तोंडावर आहे, दिवाळीत तसंही नेटवर्कला कुणी हात लावत नाही. मग बघू की शांतपणे."

"तोपर्यंत काहींचा दुवा तुटेल, सर."

"काहींचा तुटेल," ते म्हणाले, आणि त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नाही. "पण तुमच्या आत्यांचं आपण मार्गी लावू. चाचणीच्या फोनांची यादी असते ना? त्यात एक नंबर वाढवा. कोण विचारतंय?"

इथे हेमांगीने काय म्हणायला हवं होतं हे तिला माहीत होतं. तिच्या डोळ्यांपुढे यादी होती, त्रेपन्नचा आकडा होता. ती म्हणाली, "थँक यू, सर." अगदी मनापासून म्हणाली. पुढे कितीतरी दिवस तिला बाकी सगळ्यापेक्षा ते 'थँक यू'च जास्त आठवत राहिलं.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिचा फोन वाजला.

"हॅलो, पुणे? साताऱ्याहून ट्रंक कॉल आहे. बोला!"

हेमांगी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेली. तोच आवाज, तोच किंचित ओढून म्हटलेला 'बोला', लहानपणी ती शाळेतून एक्स्चेंजवर जाऊन बाकावर बसायची तेव्हाचा. आत्या बोलत सुटली. सकाळी अपडेट आलं, दोन तास फोन नुसता ऐकत बसला, मग एकदम सगळं लागलं. दूधवाल्याला हाक मारली तर तो पातेलं टाकून धावत आला म्हणे. आत्या हसली, आणि फोन तिच्याच हसण्याने हसला. जुन्या आवृत्तीला हसता येत नव्हतं. हेमांगी हसता हसता रडायला लागली.

"रडू नकोस गं. बरं, मंडळातल्या सगळ्यांना आलं असेल ना? मघाशी यशवंतरावांना मेसेज केला तर त्यांचं अजून 'लवकरच'च दाखवतंय म्हणाले."

"टप्प्याटप्प्याने येतंय, आत्या. पोचेल सगळ्यांना."

वाक्य आपोआप तोंडातून पडलं. ग्राहकांची बोळवण करायला तिनेच ते विभागाच्या उत्तरपत्रकात पहिल्या क्रमांकावर घातलेलं होतं.

आत्याचं हसणं थांबलं. मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या टप्प्यात आणखी कोण कोण आहे, हेमा?"

हेमांगीने खिडकीची कडी लावली, पुन्हा काढली.

"तू माझा नंबर पुढे घेतलास."

"आत्या, तुझे छप्पन्न झाले होते, मी काय करणार होते—"

"कळलं मला," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

गुरुवारी दुपारी तिचा मेसेज आला, लिहिलेला. 'आज मंडळात जाऊन आले. जिन्यातच पट्टी काढून पर्समध्ये टाकली. त्यांच्यासमोर मला बोलायची लाज वाटली. आता घरीही लावावीशी वाटत नाही.'

हेमांगी तेव्हा बैठकीत होती. तिने फोन टेबलावर पालथा घातला आणि दिवाळीच्या बंदोबस्ताची चर्चा पुढे चालू ठेवली. शुक्रवार गेला. शनिवारी तिने कागद घेतला आणि फाडला. आपण लिहून दिलं तर लोक काय म्हणतील, याचा विचार करण्यात तिने ते दिवस घालवले; यशवंत गुरवांचा आकडा तिने त्या दिवसांत उघडून पाहिला नाही. पाहिला असता तर राहवलं नसतं, म्हणूनच पाहिला नाही, हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी तिने टिपण लिहिलं. मुद्रणं ऐकल्याला चौदा दिवस झाले होते. टिपण तीन ओळींचं होतं. नियम चुकीचा आहे, तो मी केला, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांना आपण समाधानी धरलं. त्याला तिने वाटीचं मुद्रण जोडलं आणि ते एकाच वेळी कर्णिक साहेबांना आणि नियामकाला पाठवून दिलं. साहेब तिच्याशी त्यानंतर बोलले नाहीत. तिची खोली गेली, ती मागच्या रांगेतल्या टेबलावर आली, आणि सत्काराचा फोटो कंपनीच्या पानावरून गुपचूप उतरला. पण नऊ हजार तक्रारी उघडल्या, अपडेट रांगेच्या डोक्यावर आलं, आणि दिवाळी असूनही नऊ दिवसांत सगळ्यांच्या फोनवर पोचलं.

सगळ्यांच्या म्हणजे ज्यांचा दुवा शाबूत होता त्यांच्या. त्या चौदा दिवसांच्या उशिरामुळे निम्म्याखाली घसरलेल्यांची यादी तिने स्वतः काढली. दोनशे सहा नावं निघाली. यशवंत गुरवांचा आकडा अठ्ठेचाळीस होता.

अपडेट पोचल्यानंतरच्या गुरुवारी ती साताऱ्याला गेली. मंडळ हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर भरायचं. जिन्यातच तिला गलका ऐकू आला. कुणी गात होतं, कुणी कुणाला रमीच्या डावावरून झापत होतं. आत आत्या होती, गळ्याला पट्टी लावलेली. आणि खिडकीशी, मांडीवर फोन घेऊन, एक उंच गृहस्थ बसले होते. त्यांच्या गळ्याला पट्टी नव्हती.

हेमांगीने आपलं नाव सांगितलं आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. नियम, सत्कार, मुद्रणं, आत्याचा पुढे घेतलेला नंबर, आणि ते चौदा दिवस. गलका थांबला.

शेवंताबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाई पहिल्यांदा बोलल्या. "त्या तुमच्या फोनला मी ताट बडवून दाखवलं व्हतं, बाई. तुमास्नी काय वाटलं, मी खुशीत हाय?"

हेमांगीने मान खाली घातली. तिला माफ करा म्हणायचं होतं, पण ते कुणाकडे बघून म्हणायचं हे तिला ठरवता येईना.

खिडकीशी यशवंतरावांची बोटं फोनवर चालू लागली. ती संपेपर्यंत सगळे थांबले. मग यंत्राचा सपाट आवाज आला. "त्या पहिल्या सोमवारी माझे किती होते?"

"त्रेपन्न."

पुन्हा बोटं चालली. "त्याच दिवशी लिहून दिलं असतं तर?"

"नऊ दिवसांत आलं असतं. तुम्ही एक्कावन्नावर असता." ती थांबली. पुढचं तिने मुद्दाम मोठ्याने म्हटलं, कारण ते पुटपुटण्यासारखं नव्हतं. "तुमचा आवाज राहिला असता, काका. माझ्यामुळे गेला."

यशवंतरावांनी हिशेब पटल्यासारखी मान हलवली. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. तेवढ्यासाठीच ती मनाची तयारी करून आली होती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि टाईप केलं. "आता दीडला ऋतुजाचा फोन येईल. तिला अपडेट आल्याचं माहीत आहे. मला हे या आवाजात सांगवत नाही. तुम्ही सांगा."

हेमांगीने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "सांग, हेमा." एवढंच म्हणाली.

दीड वाजता फोन वाजला. यशवंतरावांनी तो तिच्या हातात दिला. तिने कानाला लावला, पण तिने 'हॅलो' म्हणायच्या आधीच पलीकडून मुलगी ओरडली, "आबा! आला का? बोला की काहीतरी! ते कोरेगाव गाडीचं म्हणा, फलाट क्रमांक सहा, म्हणा ना!"

"मी आबा नाही," हेमांगी म्हणाली. "मी हेमांगी दातीर, मोबाइल कंपनीतून. आबा इथेच आहेत, त्यांची तब्येत चांगली आहे." मग तिने सांगितलं. अपडेट उशिरा आलं, दुवा तुटला होता, आता आवाज येणार नाही. उशीर कंपनीचा नव्हता, माझा होता. चौदा दिवस मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

पलीकडे कारखान्याचा भोंगा वाजला आणि थांबला.

"आबांना द्या फोन," ऋतुजा म्हणाली.

"त्यांना बोलता—"

"माहितीये मला. द्या तुम्ही."

यशवंतरावांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मुलगी काय बोलत होती ते खोलीत कुणाला कळत नव्हतं, पण ती बरंच बोलत होती. ते ऐकत होते आणि वाक्यावाक्याला मान हलवत होते. हो. हो. नाही. हो. तिकडे त्यातलं काहीही पोचत नव्हतं. मग मुलीचा आवाज चढला, सगळ्यांना ऐकू येण्याइतका. "आबा? आबा, ऐकताय ना?"

त्यांनी जोरजोराने मान हलवली. मग त्यांना ते लक्षात आलं. त्यांनी वर हेमांगीकडे पाहिलं आणि फोन थोडासा तिच्या बाजूला कलता केला.

हेमांगी वाकली आणि फोनमध्ये म्हणाली, "हो. ऐकताहेत ते."

फोन पुन्हा त्यांच्या कानाला गेला. मुलगी आणखी काही बोलली, यशवंतराव हसले, मान हलवली, आणि फोन पुन्हा तिच्या बाजूला आला. "हो म्हणताहेत," ती म्हणाली. असं पाच-सहा वेळा झालं. स्वतःचा धडधाकट आवाज तिला इतका नकोसा आजवर कधी झाला नव्हता.